शब्दशोधातले यादीबाहेरचे शब्द कसे पकडायचे

शब्दशोध म्हणजे अक्षरांनी भरलेल्या चौकटीत लपवलेले, यादीत दिलेले शब्द शोधायचं कोडं. त्यात यादीतला शेवटचा शब्द सापडला की बहुतेकजण पेन बाजूला ठेवतात. खरी मजा तिथून सुरू होते. कोडं रचणाऱ्यानं मुद्दाम घातलेले शब्द बहुधा दहा-पंधरा असतात. त्याच्या नकळत चौकटीत शिरलेले शब्द त्याहून कितीतरी जास्त, आणि अनोखे शब्दही त्यांच्यातच सापडतात.

हा खेळ आज ज्या रूपात ओळखला जातो तो अमेरिकेत १९६८ साली ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन गावी नॉर्मन गिबाट यांनी आपल्या जाहिरातींच्या पत्रिकेत छापला. तिथं एका घरात एक रोमन अक्षर असतं, त्यामुळे आपोआप शब्द व्हायचा तर स्वर योग्य जागी पडावे लागतात. देवनागरीत प्रत्येक घर म्हणजे उच्चारता येणारं अख्खं अक्षर. शेजारशेजारची कोणतीही दोन घरं तोंडानं म्हणता येतात, आणि मराठीत दोन अक्षरी शब्द तर भरमसाट. म्हणून यादीबाहेरचे शब्द शोधायचे तर मराठी चौकट इंग्रजीपेक्षा जास्त उदार आहे.

पुढची सगळी पद्धत एका छोट्या चौकटीवर दाखवतो. विषय स्वयंपाकघर, यादी पाच शब्दांची: पोळपाट, डबा, सुरी, परात, चमचा.

पो | ळ | पा | ट | सु
ख | ड | बा | व | री
ण | प | रा | त | स
च | म | चा | ळ | र
व | का | न | पे | व

हे पाच शब्द अर्ध्या मिनिटात सापडतील. ते खोडू नका, फक्त फिकट गोल करा, कारण तीच अक्षरं पुन्हा लागणार आहेत.

आधी नियम ठरवा

चार माणसं एकत्र बसून खेळणार असाल तर नियम आधी ठरलेले बरे, नाहीतर अर्धा वेळ भांडणात जातो.

एक घर म्हणजे एक अक्षर, मात्रा-अनुस्वारासकट. सांडशी तीन घरांची: सां, ड, शी. जोडाक्षर एकाच घरात. ऱ्या आणि र्या ही दोन वेगळी अक्षरं धरायची. समुद्राचा दर्या आणि डोंगरातल्या दऱ्या एक करून चालणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांत थोडी ढिलाई चालते, पण शब्दशोधात मी ती देत नाही. अक्षर समोर छापलेलं आहे, ते जसं आहे तसं वाचा.

दिशा आठ: आडवं, उभं, दोन्ही तिरके, आणि या सगळ्यांचं उलटं वाचन. विशेषनामांना अर्धा गुण. आज्ञार्थ (पाळ, पेर, नका) मोजायचे की नाही हे घरोघरी वेगळं असतं, मी मोजतो.

उलटं वाचायचं ते अक्षर धरून, मात्रा सुटी करून नव्हे. मराठी माणसाला हे नव्यानं शिकवावं लागत नाही. वाल्या कोळ्यानं 'मरा मरा' जपलं आणि तोंडातून 'राम राम' निघालं, ते याच हिशेबानं. शाळेत 'चिमा काय कामाची' उलटसुलट म्हणून पाहिलेलं असतंच. आमच्या चौकटीत मधल्या 'रा'पासून खाली डावीकडे तिरकं गेलात तर राम, परत आलात तर मरा.

ळ आणि ण पकडा

नजर सगळ्या चौकटीवर भिरभिरत ठेवली तर काही हाती लागत नाही. एखादं अक्षर धरून बसावं लागतं, आणि मराठीत त्यासाठी सगळ्यात कामाची अक्षरं ळ आणि ण.

मराठी शब्द ळ नं सुरू होत नाही. ण नंही नाही (जैनांचा णमोकार मंत्र हा अपवाद, पण तो प्राकृतातून आला). म्हणजे ळ किंवा ण दिसला की तिथून बाहेर वाचण्यात अर्थ नाही. आजूबाजूच्या घरांतून त्याच्याकडे वाचत यायचं. अर्धी मेहनत तिथंच वाचते.

चौथ्या ओळीतला ळ घ्या. त्याला आठ शेजारी आहेत: रा, त, स, चा, र, न, पे, व. एकेकाला त्याच्याकडे आणा. राळ, तळ, चाळ, नळ, वळ. आठांतून पाच शब्द, एकाच घरापाशी. पहिल्या ओळीतला ळ कडेला असल्यानं त्याला पाचच शेजारी: पो, पा, ख, ड, बा. तिथं पोळ, पाळ, खळ आणि बाळ. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीचा ण बघा: खण, पण, मण, चण.

चण? इथं खेळणारा थबकतो. हा काय शब्द झाला?

थबकलात की वहीत टिंब करा आणि पुढं चला. त्याच्याकडे परत यायचंच आहे.

मग जोड्या घासून काढा

ळ-ण संपले की पद्धतशीर कामाला लागा. पाच गुणिले पाचच्या चौकटीत शेजारशेजारच्या घरांच्या ७२ जोड्या असतात: २० आडव्या, २० उभ्या, ३२ तिरक्या. प्रत्येक जोडी दोन बाजूंनी वाचायची, म्हणजे १४४ वाचनं. आकडा मोठा वाटतो, पण मोठ्यानं म्हणत गेलं तर दहा मिनिटांच्या आत होतं. मोठ्यानं म्हणणं महत्त्वाचं आहे. डोळा ओळखीच्या शब्दावरच थांबतो. कान अनोळखी शब्दावरही थांबतो.

माझा क्रम असा: आधी सगळ्या ओळी डावीकडून उजवीकडे, मग त्याच उजवीकडून डावीकडे. मग उभे रकाने वरून खाली आणि खालून वर. तिरके शेवटी, पण त्यांना सगळ्यात जास्त वेळ द्यायचा, कारण रचणाऱ्याचं लक्ष तिथं सगळ्यात कमी असतं.

उलट वाचनात गंमत अशी की नेहमीचे शब्द अचानक दुसऱ्याच घरचे निघतात. खालच्या ओळीतला कान उलटा केला की नका. दुसऱ्या रकान्यात खालून वर काम, वरून खाली मका. तिरका रीत परत फिरवला की तरी, आणि स्वयंपाकघराच्या कोड्यात ही तरी मिसळीवर तरंगणारीही असू शकते. यादीतला डबा उलटा वाचला तर बाड.

दोनाचे तीन करा

सापडलेला प्रत्येक दोन अक्षरी शब्द त्याच रेषेत एक घर पुढं आणि एक घर मागं ढकलून पाहा. ही पायरी लोक गाळतात आणि मोठे मासे सोडतात.

दुसऱ्या ओळीत बाव सापडतो. कोकणात विहिरीला बाव म्हणतात, तेव्हा तो एकटाच चांगला आहे. पण पुढच्या घरात री आहे: बावरी. त्या बावरीच्या शेपटाला वरी लपली आहे, उपासाला शिजवतो ती. यादीत नसलेला स्वयंपाकघरातला पदार्थ यादीतल्या डब्याला चिकटून बसलाय.

पहिल्या ओळीतल्या पा पासून तिरकं खाली या: पाव. आणखी एक घर पुढं: पावस. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, स्वामी स्वरूपानंदांचं. विशेषनाम म्हणून अर्धा गुण, पण मिळाल्याचा आनंद पूर्ण.

लांब शब्दांच्या पोटातही पाहा. पोळपाटात पाट आहे हे लहान मूलही सांगेल. पोळ मात्र सहसा सुटतो.

शंकेचे शब्द : खरे की भास?

आता वहीत तीन गट होतील. माहीत असलेले शब्द एकीकडे. 'वत', 'टव' असे नुसते ध्वनी दुसरीकडे, ते सोडून द्या. आणि मधला गट: ऐकल्यासारखा वाटतो, पण अर्थ सांगता येत नाही. सगळा खटाटोप या मधल्या गटासाठी आहे.

लगेच शब्दकोशाकडे धावू नका. आधी त्या शब्दाला त्याचं वाक्य शोधून द्या. मराठीतले कित्येक शब्द रोजच्या बोलण्यात एकटे येत नाहीत. एखाद्या वाक्प्रचारात किंवा एखाद्याच विभक्तीत ते टिकून असतात, आणि चौकटीत एकटे भेटले की ओळख पटत नाही. म्हणून शब्दाला '-भर', '-चा', '-ला' लावून पाहा. 'उठणे', 'फुटणे', 'घालणे', 'उडवणे', 'लावणे' अशी क्रियापदं जोडून पाहा.

चण घ्या. 'लहान चणीची मुलगी' हे आपण सहज म्हणतो. चण म्हणजे अंगाची ठेवण, बांधा. चणीची म्हटलं की कळतं, नुसतं चण म्हटलं की कळत नाही. वळ तसाच: पाठीवर वळ उठले. मण: मणभर. मापाचा मण म्हणजे ४० शेर. दशमान पद्धत आली आणि मण धान्याच्या बाजारातून गेला, बोलण्यात मात्र राहिला. 'पण' हा शब्द सगळेजण 'परंतु' म्हणून वाचतात, मात्र 'पणाला लावणे' मधला पण वेगळा, पैजेचा. पेर म्हणजे बोटाचं किंवा उसाचं पेर. जप मोजताना अंगठा फिरतो तो बोटांच्या पेरांवरून.

राळ जरा निवांत पाहण्यासारखा. 'आरोपांची राळ उडवणे' वर्तमानपत्रात रोज दिसतं. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. त्याची पूड मशालीच्या ज्योतीवर फेकली की भपकन मोठा जाळ होतो. दशावतारात राक्षस रंगभूमीवर येतो तेव्हा हीच राळ उडते. धूर, उजेड, गडबड खूप आणि क्षणात सगळं विझलेलं. राजकारणातल्या आरोपांना हा शब्द कुणी लावला असेल त्याला दाद द्यायला हवी.

आणि पेव. शेवटच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात आहे. 'क्लासेसचं नुसतं पेव फुटलंय' असं म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी पेव पाहिलेलं नसतं. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत कडब्याचा नाहीतर पेंढ्याचा थर देऊन ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून जाऊ शकतो, म्हणून तोंड बराच वेळ उघडं ठेवत. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं प्रसिद्ध होती. २००५ च्या कृष्णेच्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. चौकटीतल्या दोन घरांमागे एवढं असतं.

कोश कसा उघडायचा

वाक्य सापडलं नाही तर कोश. दोन कोश पुरेसे आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला, दुसरी वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत. दुसरा दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, सात विभाग १९३२ ते १९३८ या काळातले, पुरवणी १९५० ची. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात. खेड्यातली अवजारं, भांडी, जनावरं, शिव्या यांत मोल्सवर्थ अजून हार जात नाही. बोलीभाषेसाठी दाते-कर्वे.

शोधताना हमखास अडायच्या जागा सांगतो.

जुनं लेखन. हे दोन्ही कोश १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचे. तेव्हा न उच्चारला जाणारा अनुस्वार लिहीत: गांव, नांव, जातें, मडकें. तुमचा शब्द सापडला नाही तर अनुस्वार देऊन पुन्हा पाहा. एकारान्त शब्दांना तर आधी अनुस्वार देऊनच शोधा.

मूळ रूप. कोशात बावरी सापडेलच असं नाही, बावरा पाहावं लागेल. क्रियापद '-णें' लावून शोधायचं.

एका शब्दाच्या अनेक नोंदी. पहिल्या अर्थावर थांबू नका. खळ म्हणजे पिठाची चिकट लापशी, कागद चिकटवायची, पतंगाला लावायची. पसायदान म्हणणाऱ्याला खळ म्हणजे दुष्ट हे आधी आठवेल. खण तर चोळीचाही असतो, टेबलाचाही आणि घराचाही. पाट बसायचा, पाण्याचा, आणि पूर्वी विधवेचं लग्न लागे तोही पाट. चाळ म्हटलं की मुंबई-पुण्याच्या माणसाला जिने आणि सामायिक नळ दिसतात. तमाशातल्या माणसाला पायातले घुंगरू ऐकू येतात.

कंसातली खूण. दाते-कर्व्यांत (कों.), (गो.), (व.) अशा खुणा असतात: कोकणातला, गोव्याकडचा, वऱ्हाडातला. शब्द तुम्हाला अनोळखी वाटला आणि पुढं (व.) दिसलं तर अकोला-अमरावतीकडच्या कुणाला तरी फोन करा. मुंबईच्या माणसाला अनोखा वाटणारा शब्द तिकडं रोजच्या भाजीबरोबर येत असेल.

बाड मी कोशाशिवाय ओळखतो असं म्हणणारे आता थोडे. बाड म्हणजे हातानं लिहिलेल्या पानांचा बांधलेला गठ्ठा, वही. रामदासी मठांतली अशी बाडं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहेत. पोळ म्हणजे देवाला सोडलेला, गावात मोकाट हिंडणारा बैल. हे दोन शब्द ज्यांच्या घरात अजून बोलले जातात त्यांनी ते मुलांसमोर मुद्दाम वापरावेत.

वही

ॲपमध्ये सापडलेले शब्द ॲप बंद केलं की गेले. साधी वही करा. प्रत्येक शब्दाला एक ओळ: शब्द, लिंग, अर्थ, आणि तुमच्या घरातल्या गोष्टीवर रचलेलं एक वाक्य. कोशातलं वाक्य उतरवू नका, ते लक्षात राहत नाही. 'आजीच्या पेटीत आजोबांच्या अभंगांचं बाड होतं' हे राहतं. लिंग लिहायचं कारण व्यवहाराचं आहे: ते माहीत नसेल तर शब्द वाक्यात बसवता येत नाही, आणि वाक्यात न बसलेला शब्द आठवड्यात विसरतो.

स्वतः चौकट करताना

छापील मराठी शब्दशोध कमी मिळतात आणि मिळतात ते बहुधा फळं-फुलं-प्राणी यांतच फिरतात. म्हणून स्वतः करणं उत्तम. इंटरनेटवर चौकट आपोआप करून देणारी साधनं आहेत. वापरण्याआधी एक चाचणी घ्या. पोळपाट टाका. त्यानं चार घरं घेतली तर साधन कामाचं. सहा घरं घेतली आणि कुठं तरी ो किंवा ा एकटी पडलेली दिसली तर सोडून द्या.

असं होतं कारण संगणक मात्रा वेगळी साठवतो. परात त्याच्या दृष्टीनं चार चिन्हांची, क्ष तीन, स्त्री चक्क सहा. मात्रा अक्षरासोबत ठेवायचा नियम युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) पूर्वीपासून होता, पण देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. जुनी साधनं क्ष चे दोन तुकडे करतात ती त्यामुळे. वैताग टाळायचा तर तक्त्याच्या (एक्सेलसारख्या) प्रोग्रॅममध्ये, नाहीतर सरळ चौकटी वहीत, एकेक अक्षर हातानं भरा. पाच गुणिले पाचला वेळ लागत नाही.

रिकामी घरं भरताना मुळाक्षरं डोळे मिटून टाकू नका. ङ, ञ, ढ, झ पडले की आजूबाजूचं सगळं मरतं. आपल्या यादीतल्या शब्दांचीच अक्षरं पुन्हा वापरा, आणि त्यात अ-कारान्त व आ-कारान्त जास्त घ्या: स, र, व, न, त, का, वा, पा. ळ एक-दोन, ण एखादा, आणि तोही कोपऱ्यात न ठेवता मधे. कोपऱ्यात तीनच शेजारी मिळतात. वरच्या चौकटीत यादीबाहेर तीसहून जास्त शब्द आहेत ते याच सवयीमुळे.

भरून झालं की स्वतः १४४ वाचनं करून घ्या. यादीबाहेरचे शब्द वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद खेळणाऱ्यांना दाखवू नका. एक पथ्य: शाळेत किंवा समारंभात वाटणार असाल तर तिरक्या आणि उलट्या ओळी दोनदा तपासा. आपोआप तयार होणाऱ्या शब्दांत शिव्याही असतात, आणि पोरं त्या सगळ्यात आधी शोधतात.

गुणांची माझी पद्धत: यादीतल्या शब्दाला एक गुण, यादीबाहेरच्या ओळखीच्या शब्दाला दोन, आणि ज्याचा अर्थ सांगून वाक्यही करून दाखवलं पण बाकी कुणालाच माहीत नव्हता अशा शब्दाला पाच. घरातली वडीलधारी मंडळी या पाचाच्या जोरावर नातवंडांना सहज हरवतात.

मधल्या 'रा'चं घर पुरतं खणलेलं नाही. राम, मरा आणि राळ वर येऊन गेले. त्याच्या आठ शेजाऱ्यांत दोन अक्षरी आणखी चार शब्द तरी आहेत, आणि त्यांतला एक आकडा आहे.